इंजिनच्या मागून कूलंट गळतंय? शोध आणि दुरुस्ती, सोलापूरच्या उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी संपत आला की सोलापूरच्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: "गाडी पाणी खातीय वो." सकाळी कूलंटच्या डब्यात पाणी टाकायचं, दोन-तीन दिवसांनी बघावं तर पातळी परत खाली. रेडिएटर कोरडा, पुढचे पाईप कोरडे, जमिनीवर थेंब कधी दिसतो, कधी नाही. अशा गाडीची गळती बऱ्याचदा इंजिनच्या मागच्या बाजूला असते. बोनेट उघडून कितीही वाकलं तरी तिथे नजर पोचत नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने तशीच राहते. आणि मग मे महिन्यात पारा 42-43 वर असताना, तुळजापूरचा घाट चढताना नाही तर विजापूर रोडला भर दुपारी, काटा लाल पट्ट्यात जातो.

आजवर बोनेट उघडून फार तर ऑइल आणि पाणी बघितलंय, पण आता स्वतः शोधून बघायची तयारी आहे, अशांसाठी हे लिहितोय. या कामात ताकद कमी आणि नजर जास्त लागते. पार्ट बदलणं फारसं अवघड नसतं. नेमका कुठला बदलायचा हे न शोधता लोक आधी वॉटर पंप, मग रेडिएटर, मग हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं डोकं म्हणजे हेड आणि खालचं धड म्हणजे ब्लॉक, यांच्यामधलं सील) असा खर्च करत जातात, आणि शेवटी मागे बोटाएवढा हीटरचा पाईप चिरलेला निघतो. तेव्हा या लेखात जास्त जागा शोधण्याला दिली आहे, नट-बोल्टचे पाने फिरवण्याला कमी.

हात घालण्याआधी

गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. थोडं सैल करून वाफ सोडू, असंही नाही. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो. इतक्या दाबापर्यंत (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) ते पाणी आत धरून ठेवतं. 0.9 च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो आणि आतलं सगळं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. त्या भाजण्याचे डाग आयुष्यभर राहतात.

म्हणून हे काम रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, सकाळी ऊन चढायच्या आत करा. आपल्याकडे दुपारी उन्हात उभी केलेली गाडी दोन तासांनीही नीट थंड झालेली नसते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, कारण काही गाड्यांचा इलेक्ट्रिक पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरतो. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर अजिबात विसंबू नका. खाली स्टँड लावा, चाकांना दगडांची अटकण द्या, हँडब्रेक ओढा. विटा रचून त्यावर गाडी टेकवू नका; वीट दबत नाही, सरळ फुटते.

मागे म्हणजे नेमकं कुठे

हे गाडीवर अवलंबून आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, इनोव्हा (हायक्रॉस सोडून) यांचं इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं असतं. त्यांची मागची बाजू म्हणजे फायरवॉलकडची, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडची, आणि गिअरबॉक्स तिथेच जोडलेला असतो. स्विफ्ट, अल्टो, इंडिकासारख्या गाड्यांत इंजिन आडवं असतं. तिथे फायरवॉलकडे इंजिनची एक लांब बाजू येते आणि गिअरबॉक्स एका कडेला. तुमच्या इंजिनचा पट्टा कुठल्या बाजूला आहे ते बघा. गिअरबॉक्स त्याच्या विरुद्ध टोकाला असतो. एवढं कळलं की पुढचं वर्णन आपल्या गाडीला लावता येईल.

या भागात पाण्याच्या बऱ्याच वाटा असतात. हीटरला जाणारे आणि परत येणारे दोन रबरी होज पाईप, हेडच्या मागच्या टोकावरचं पाण्याचं तोंड आणि त्याचं ओ-रिंग किंवा गॅस्केट, टेंपरेचर सेन्सर, इंजिनच्या अंगाने मागून पुढे जाणारा लोखंडी पाईप, डिझेल गाडीत ईजीआर कूलर (इंजिनात परत घेतला जाणारा धूर थंड करणारा भाग) आणि त्याचे छोटे होज, टर्बोला जाणारी पाण्याची लाईन, आणि कोअर प्लग. कोअर प्लग म्हणजे ब्लॉकच्या गोल भोकात ठोकून बसवलेली वाटीसारखी पत्र्याची टोपी. आडव्या इंजिनच्या काही गाड्यांत थर्मोस्टॅटचं (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या वॉल्व्हचं) घरही गिअरबॉक्सच्या टोकालाच असतं.

गळतंय ते कूलंटच आहे ना?

हे आधी पक्कं करा. आपल्याकडे मार्च ते जून एसी अखंड चालू असतो आणि एसीचं पाणीही फायरवॉलच्या खालीच पडतं. ते स्वच्छ, बिनवासाचं असतं आणि बोटाला साध्या पाण्यासारखं लागतं. कूलंट हिरवं, लाल, गुलाबी किंवा निळं असतं, बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. वास घ्या, पण चाखून बघू नका. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे.

संध्याकाळी गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि चाकं कुठे येतात ते त्यावर पेनाने आखा. सकाळी डाग कुठल्या रंगाचा आणि कुठे पडला हे दिसतं. डब्यात वर्षानुवर्षं नुसतं पाणी टाकलं असेल तर रंग मिळणार नाही, गंजाचं तपकिरी पाणी मिळेल.

ठिबकतं तिथे गळत नसतं

नवीन माणूस हमखास इथे फसतो. हेडच्या मागच्या तोंडातून निघालेला थेंब ब्लॉकवरून घरंगळतो, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) कडेने खाली येतो आणि गिअरबॉक्सच्या खालच्या बोल्टवरून टपकतो. खाली झोपून बघणाऱ्याला वाटतं, गिअरबॉक्सजवळच काहीतरी गेलंय. गाडी चालू असताना पंख्याचा आणि रस्त्याचा वारा पुढचं पाणी मागे उडवतो, म्हणजे वॉटर पंपची गळतीसुद्धा मागे ओल दाखवू शकते. तेव्हा नियम एकच ठेवा: ओल जिथे संपते तिथून वर चढत जा, आणि सगळ्यात उंचावरची ओली किंवा डागाळलेली जागा शोधा.

पहिली फेरी कोरडीच करा. चांगली टॉर्च आणि दांड्याचा छोटा आरसा घ्या. मोबाईलला जोडायचा वायरचा कॅमेरा मिळाला तर उत्तम, तो हल्ली स्वस्तात मिळतो आणि फायरवॉलच्या फटीत जिथे हातही जात नाही तिथे पोचतो. कूलंट सुकलं की पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा मागे राहतो. पाईपच्या तोंडाशी तो मिठासारखा साचलेला दिसतो. हीटर होजच्या क्लिपखाली, सेन्सरच्या आट्यांभोवती, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर, ईजीआर कूलरच्या टोकांवर तो पापुद्रा शोधा. सोलापूरच्या धुळीने इंजिन मातकट झालं असेल तर तो दिसणार नाही. अशा वेळी तो भाग ओल्या फडक्याने आणि ब्रशने पुसून घ्या, दोन दिवस गाडी चालवा आणि मग परत बघा. प्रेशर पंपाने इंजिन धुवायच्या फंदात पडू नका. पाणी वायरिंगच्या सॉकेटमध्ये शिरलं तर नवीनच दुखणं सुरू होतं.

दुसरी फेरी दाब देऊन करायची, आणि माझ्या मते सगळ्या शोधात खरी भरवशाची हीच. कूलिंग प्रेशर टेस्टर म्हणजे हातपंप, त्यावर दाबाचं घड्याळ आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारं झाकण. तुमच्याकडे नसेल तर ज्या गॅरेजात आहे तिथे फक्त ही टेस्ट करून मागा. थंड इंजिनमध्ये पाणी तोंडापर्यंत भरा. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, कारण काही गाड्यांत हीटरच्या वाटेवर वॉल्व्ह असतो आणि तो बंद असला तर दाब तिथे पोचतच नाही. मग झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या, त्यापेक्षा जास्त नाही. जास्त दाब दिला तर जुनं हीटर कोअर (केबिन गरम करणारा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) तुमच्याच हाताने फुटेल.

आता थांबा. दहा-पंधरा मिनिटं घाई करायची नाही. काटा हलत नसेल तर बाहेर गळती नाही, किंवा ती फक्त गरम झाल्यावर उघडते. काटा हळूहळू उतरायला लागला की टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. होजच्या तोंडाशी, क्लिपच्या खालच्या अंगाला, आधी रबर नुसतं चमकतं. मग तिथे मोहरीएवढा थेंब धरतो, फुगतो, पाईपच्या पोटाखालून सरकत जातो आणि दुसऱ्याच ठिकाणी पडतो. नजर पोचत नसेल तिथे टिश्यू पेपर पाईपभोवती फिरवून काढा. ओला झालेला कागद जागा सांगतो.

थंड इंजिनवर ही टेस्ट करण्याचं आणखी एक कारण आहे. ओ-रिंग आणि सैल क्लिपा थंडीत आकसलेल्या असताना गळतात आणि इंजिन तापून धातू फुगला की गळती थांबते. गाडी गरम असताना बघितलं तर सगळं कोरडं. थंडीत काही सापडलं नाही तर इंजिन गरम करून, परत पुरतं निवू देऊन टेस्ट करा. झाकण स्वतःही तपासून घ्या. त्याचं रबर कडक झालं असेल किंवा स्प्रिंग मेली असेल तर दाब धरला जात नाही, पाणी डब्यात जाऊन बाहेर सांडतं आणि आपण बिचाऱ्या इंजिनला दोष देत बसतो.

दाब उतरतोय पण बाहेर कुठेच ओल नाही, असं झालं तर डावीकडच्या सीटसमोरचा गालिचा उचलून हात लावा. तिथे चिकट ओल, केबिनमध्ये गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं, म्हणजे हीटर कोअर गेलं. गालिचा ओला पण पाणी साधं असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. हे दोन्हीही नसेल तर पाणी इंजिनच्या आत जातंय असं समजा. डब्यात सतत बुडबुडे येणं, गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय, सकाळी इंजिन चालू केल्याबरोबर वरचा होज टणक होणं, ही हेड गॅस्केटची लक्षणं. पांढरा धूर डिझेल गाडीत ईजीआर कूलर आतून फुटल्यावरही येतो. हे घरी करायचं काम नाही, तेव्हा इथे थांबा.

हीटरचा होज बदलणं

मागची गळती निघाली की बऱ्याचदा ती याच होजमध्ये असते, आणि सोलापुरात त्याला कारण आहे. इथे हीटर कुणी लावत नाही, म्हणून त्या होजकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असला तरी गरम पाणी तिथून फिरतच असतं. वर इंजिनची धग, मागे पत्रा, वारा नाही. रबर आधी दगडासारखं कडक होतं, मग तोंडाशी चिरतं.

रेडिएटरच्या खालच्या कॉकमधून पाणी स्वच्छ टबात काढा; कॉक नसेल तर खालचा होज सोडा. होज काढताना तो ओढू नका. त्याच्या आत हीटर कोअरची पातळ पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची नळी आहे आणि ती वाकली की डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. क्लिप मागे सरकवा, होज पिळून बघा, सुटत नसेल तर ब्लेडने लांबीत चीर देऊन सोलून काढा. जुना होज तसाही फेकायचाच आहे. मात्र ब्लेड खालच्या नळीवर ओरखडा पाडणार नाही एवढं जपा.

नळीचं तोंड बारीक पॉलिश पेपरने साफ करा. जुनं रबर आणि क्षार राहिले तर नवा होजही गळणार. जुना तुकडा घेऊनच दुकानात जा, आतला व्यास आणि वळण दोन्ही जुळवा. सरळ पाईप वळवून बसवला की वाकतो आणि वाट बंद होते. पाईप गरम कूलंटसाठीचाच मागा. डिझेलचा किंवा हवेचा पाईप दिसायला सारखा असला तरी टिकत नाही. क्लिपा आधी होजवर चढवा, तोंडाला आतून थोडं कूलंट लावा (ग्रीस नको, रबर फुगतं) आणि नळीवरच्या उंचवट्याच्या पुढे होज 25-30 मिलिमीटर जाईल इतका ढकला. क्लिप त्या उंचवट्याच्या मागे यायला हवी. मला कंपनीची स्प्रिंग क्लिप जास्त पसंत आहे, ती रबराबरोबर फुगते-आकसते. स्क्रूची क्लिप लावली तर रबर दबेल एवढीच आवळा. कापलं जाईपर्यंत आवळण्यात शहाणपण नाही. दोन्ही होज एकदमच बदला. एक चिरला म्हणजे दुसराही त्याच वयाचा आहे.

हीटर कोअरच गेलं असेल आणि लगेच खर्च करायचा नसेल तर गॅरेजवाले येणारा-जाणारा होज एकमेकांना जोडून कोअर वगळतात. आपल्या हवेत ही सोय बरेच दिवस चालते. पण दोन्ही तोंडं बुचं ठोकून बंद करू देऊ नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी याच वाटेने फिरतं.

मागचं तोंड, सेन्सर आणि कोअर प्लग

हेडच्या मागचं पाण्याचं तोंड दोन-तीन लहान बोल्टांवर असतं. आधी ते तोंड प्लॅस्टिकचं आहे का बघा. त्याला तडा गेला असेल तर नुसतं ओ-रिंग बदलून भागणार नाही. बोल्ट काढताना जोर लावण्याआधी गंज सोडवणारं तेल मारून मुरू द्या, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडात बोल्ट तुटला तर काम दहापट वाढतं. पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. पोलादी पात्याने ओरखडा पडला की तिथूनच परत गळती. नवीन ओ-रिंग कूलंटने ओलं करून बसवा, त्यावर सिलिकॉन नको. कागदी गॅस्केट असेल तर सिलिकॉनचा अगदी पातळ हात चालतो, बाहेर ओघळेल एवढा नाही. तो आतही तितकाच ओघळतो आणि तुकडे रेडिएटरमध्ये जातात. 6 मिलिमीटरचे हे बोल्ट छोट्या पान्याने, आलटून पालटून, साधारण 8 ते 10 न्यूटन-मीटर इतकेच आवळायचे. सेन्सर गळत असेल तर त्याचं वॉशर किंवा ओ-रिंग बदला.

कोअर प्लगचं काम जागेवर अवलंबून. हात पोचतो तिथला प्लग पाणी पूर्ण काढून, एका कडेला बोथट छिन्नी लावून हलक्या ठोक्याने तिरका करायचा आणि पकडीने ओढायचा. सरळ आत ठोकला तर तो ब्लॉकच्या पोटात पडतो. भोक पॉलिश पेपरने साफ करून, अचूक मापाचा पितळी प्लग कडेला सीलंट लावून बसवा. पत्र्याच्या प्लगपेक्षा पितळ गंजाला जास्त टिकतं. ठोकायला प्लगच्या आत सैल बसेल अशी पान्याची गोटी (सॉकेट) वापरा म्हणजे तो सरळ जातो. बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून कूलंट येतंय आणि वरून ओघळ नाही हे दाब देऊन पक्कं झालं असेल, तर प्लग फ्लायव्हीलच्या मागे असू शकतो. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते गॅरेजातच करा आणि गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट आणि मागचं ऑइल सील दोन्ही बघून घ्या.

हळद, अंड्याचा बलक, गळती थांबवायची पावडर यांतलं काहीही रेडिएटरमध्ये टाकू नका. ते भोक बंद करतं तसं रेडिएटरच्या बारीक नळ्याही बंद करतं, आणि सोलापूरच्या उन्हात आपल्याला नेमक्या त्याच नळ्या मोकळ्या हव्या असतात.

पाणी कुठलं भरायचं

"इथं कुठं बर्फ पडतोय, कूलंट कशाला?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. गोठण्यापासून वाचवणं हे कूलंटचं एकच काम नाही. ते उकळण्याचं तापमान वाढवतं आणि आतला धातू गंजू देत नाही. बोअरच्या जड पाण्यातले क्षार इंजिनच्या आत थर धरतात, थर उष्णता अडवतो, आणि नुसत्या पाण्यानेच कोअर प्लग आतून खाल्ले जातात. मागची गळती अशा गाड्यांत पुन्हा पुन्हा येते. म्हणून गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत टाकतो ते, निम्मं-निम्मं मिसळा. तयार मिश्रणाचा डबा आणला असेल तर त्यात पाणी घालू नका. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र करू नका. नुसता रंग सारखा असून चालत नाही.

भरताना हवा काढणं महत्त्वाचं, कारण मागचं हीटरचं तोंड उंच असतं आणि हवा तिथेच अडकते. गाडीचं तोंड थोडं चढाला ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून धार सलग येईपर्यंत थांबा. हळूहळू भरत, होज दाबत चला. मग झाकण लावा, बॅटरीची वायर जोडा, इंजिन चालू करा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत काट्यावरची नजर हलवू नका. पट्ट्यावरचा पंखा असेल तर हीटरमधून सलग गरम हवा येते का ते बघा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी परत पुरी करा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच भरू नका, घरात मुलं असतात. बंद कॅनवर नाव लिहून ते वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात विचारून द्या.

रस्त्यातच काटा चढला तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात. उकडेल, पण इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर जाते. काटा उतरत नसेल तर सावली शोधत बसू नका, सुरक्षित कडेला लगेच थांबून इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. कितीही वेळ लागला तरी इंजिन पुरतं निवू द्या, मगच जाड फडक्याने झाकण हळू उघडा आणि असेल ते स्वच्छ पाणी भरा. त्या वेळी पिण्याचं पाणीही चालेल, गावात आल्यावर ते बदला. चिरलेला होज दिसला तर तो पुसून कोरडा करा आणि स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची पट्टी ताणून गुंडाळा. ती जवळच्या गॅरेजापर्यंत नेते. साधी इन्सुलेशन टेप किंवा एमसील गरम रबरावर, आतून दाब असताना, धरत नाही.

नंतरचा आठवडा

डब्यावर पातळीच्या रेषेला मार्करने खूण करा आणि रोज सकाळी, थंड इंजिनवर, बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी पातळी उतरणं साहजिक आहे, अडकलेली हवा निघते. पुठ्ठा परत खाली घाला, आरशाने नव्या सांध्यांवर नजर टाका. त्यानंतरही पातळी उतरतच राहिली आणि बाहेर सगळं कोरडं असेल, तर गॅरेजात जाऊन ब्लॉक टेस्ट मागा. त्यात रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रावणातून ओढतात. इंजिनचा वायू पाण्यात मिसळत असेल तर द्रावण पिवळं (डिझेल गाडीत हिरवट) पडतं. रंग असा बदलला तर हेड उतरवल्याशिवाय पुढची लांबची फेरी करू नका.